बराबर वाटलेल्या गोळ्या

"मॅडम, हीच गोळी द्या. जल्दी. सासरे स्टँडवर बसलेत, गाडी निघंल."

सुमनबाईंनी रिकामी स्ट्रिप आणि डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली. मंठ्याचा बाजाराचा दिवस, माझ्या मेडिकलसमोर रांग. स्ट्रिप इट्राकोनाझोलची होती. नायट्यासाठी, म्हणजे अंगावर उठणाऱ्या बुरशीच्या चट्ट्यांसाठी, डॉक्टर ही कॅप्सूल लिहून देतात. चिठ्ठीवर नाव सुमनबाईंचं. तारीख पाहिली. कोर्स इतक्यात संपायला नको होता.

"इतक्या लवकर कशा संपल्या?"

"सगळ्यांना दिल्या ना. घरात सगळेच खाजवून राह्यलेत. मी एकटीनंच खाल्ल्या असत्या, तर जाऊबाई काय म्हनली असती?"

एकत्र कुटुंब. भाकरी, लोणचं, साबण सगळं समान, तशाच कॅप्सूलही. मी क्रमाने विचारत गेले. कोणी गरोदर? न्हाई. कोणाला लिव्हरचा त्रास? न्हाई. कोणाची रोजची गोळी?

"सासऱ्यांची, आबांची हाये की. कोलेस्टेरॉलची. तुमच्याकडूनच नेतो."

होय, माझ्याकडूनच. इट्राकोनाझोलसोबत ती गोळी घेतली, की शरीर तिचा निचरा करू शकत नाही. ती रक्तात साठते. मग स्नायू तुटू लागतात, त्याने लघवी काळपट होते आणि किडनीवर भार येतो.

"आबांना काही होतंय?"

"पाय दुखतात म्हणून तर बसवलं. उठताना धरावं लागतं. सोयाबीन काढलं ना, त्याचं आसंल."

"फोन लावा त्यांना."

लावला. आबांचा फोन सुमनबाईंच्याच पिशवीत वाजला.

मी शटर ओढलं. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "बाई, माझं बीपीचं?" "आलेच," म्हणत मी सुमनबाईंसोबत स्टँडकडे निघाले.

बस लागलेली होती. आबा बाकाला धरून उठू बघत होते. पाय साथ देत नव्हते.

"आबा, लघवीचा रंग कसा आहे?"

सुमनबाई पदर ओढून झटकन पाठमोऱ्या झाल्या.

"हे काय इचारणं झालं का, बाई? भर स्टँडवर?"

"सांगा. घाई आहे."

आबांनी सुनेच्या पाठीकडे बघितलं, आवाज खाली केला. "कोऱ्या चहावानी."

चिठ्ठीवरच्या डॉक्टरांचा फोन एंगेज. पुन्हा एंगेज. बस निघून गेली तेव्हा कुठे लागला.

"दोन्ही गोळ्या बंद. लगेच जीपने जालन्याला पाठवा. मी तिथे सांगून ठेवतो. स्ट्रिप आणि चिठ्ठी सोबत द्या."

"पाय दुखण्यासाठी जालना?" आबा कुरकुरले. मी जीपचं दार लावून टाकलं.

दुकानात परतले. हात काम करत होते, कान फोनकडे. संध्याकाळी सुमनबाईंचा फोन आला. ॲडमिट केलं होतं, सलाईन चालू होती. "किडनीवर सूज हाये म्हणतेत. पण वेळेत आणलं म्हणे."

काही आठवड्यांनी आबा स्वतःच्या पायांनी दुकानात आले, मागे सुमनबाई. आता डॉक्टरांनी प्रत्येकाला तपासून वेगळी चिठ्ठी दिली होती. आबांना फक्त मलम.

"जाऊबाई म्हणती," सुमनबाई म्हणाल्या, "कोणाला गोळी, कोणाला मलम, हे कसलं बराबर?"

"तिला म्हणा," आबा म्हणाले, "माझी सलाईनबी घे मंग वाटून."

आता बुरशीची गोळी देताना मी आधी विचारते, घरात आणखी कोणाला खाजतं? उत्तर "सगळ्यांनाच" आलं, की सगळ्यांना डॉक्टरकडे पाठवते. रांग लांबते. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.