ओतिलियाचा पाठमोरा हत्ती

ओतिलियाने नऊ वर्षं सर्कशीच्या पोस्टरांवर फक्त चार अक्षरं काढली. आमच्या पोलिश भाषेत सर्कस हा शब्द चार अक्षरांतच संपतो. वाघ कुणी दुसऱ्याने काढायचा, सही त्याची, वाहवा त्याची, आणि खालची चार अक्षरं ओतिलियाची. ती अशी गुटगुटीत असत की वाघाने माणूस सोडून तीच खावीत.

मी पोस्टर समितीची टंकलेखिका. समितीत कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं आणि तिघा सदस्यांना ग्लासातून चहा द्यायचा, ही माझी कामं. चहाचं काम जास्त जबाबदारीचं, कारण लिहिलेलं कुणी वाचत नाही अशी तेव्हा माझी समजूत होती.

ओतिलियाला स्वतःचं पोस्टर हवं होतं. नियम सोपा होता. अक्षरं काढणाऱ्यांनीही चित्र पाठवावं, पण पाच चित्रं नापास झाली की नाव पोस्टरवाल्यांच्या यादीतून कायमचं कटणार. चौसष्ट सालच्या वसंतापर्यंत तिची चार झाली होती.

पहिलं तिने जुन्या पॅरिसच्या थाटात काढलं. घोड्यावर बाई, आणि तिच्या केसांच्या वेली होऊन कागदभर पसरलेल्या. आमचे अध्यक्ष ग्विदोनसाहेब म्हणाले, "सुंदर. पण या बाईला मी ओळखतो. पॅरिसमध्ये ती साबण विकायची." दुसरं स्विस वळणाचं होतं. पांढराशुभ्र कागद, एक लाल गोल, आणि कोपऱ्यात शिस्तीत उभी बारीक अक्षरं. साहेबांनी कागदाच्या मागेही बघितलं. "औषधाचं दुकान झकास आहे. सर्कस कुठाय?" तिसऱ्यात फोटो कापून चिकटवले होते, कारखान्याच्या धुरांड्यावर डोंबारीण. ते बघून म्हाताऱ्या प्रोफेसर कोस्मांचे डोळे भरून आले, कारण त्यांनी तसंच एक तरुणपणी केलं होतं. चौथ्यात थरथरत्या कुंचल्याचा, माणसाच्या डोळ्यांचा सिंह होता, आमच्या वॉर्सातल्या नामवंतांसारखा. साहेबांनी चष्मासुद्धा लावला नाही. "हे सेव्हेरिनचं. आणि सेव्हेरिनचं काम सेव्हेरिनच जास्त बरं करतो."

सेव्हेरिन त्या नामवंतांपैकीच एक, आणि तिच्या समोरच्याच टेबलावर बसायचा. ते शब्द तिला फार लागले.

त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात बसून खारवलेले मासे खात रडत होती.

"फेला, माझ्यात माझं असं काहीच नाही का गं?"

"भूक आहे," मी म्हटलं. "तिसरा मासा चाललाय."

"थट्टा नको करूस. मी जे पोस्टर बघते ना, त्याच्या प्रेमातच पडते. मग हात आपोआप तसाच चालतो."

"मग एकाशी लग्न लावून मोकळी हो."

"लावलं असतं. सगळ्यांची आधीच झालीत."

माझ्या मनात सहज आलं म्हणून विचारलं, "तू शेवटची सर्कस कधी पाहिलीस?"

तिने असं पाहिलं, जणू मी तिला शेवटचा दरोडा कधी घातलास म्हणून विचारलं होतं. "सर्कस? मी पोस्टरवाली आहे गं."

आणि यात तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे सर्कशीची पोस्टरं काढणारा एकही माणूस तंबूत पाऊल ठेवत नसे. प्रत्यक्ष पाहिलं की कल्पना मरते, अशी त्या सगळ्यांची ठाम श्रद्धा. सिनेमाची पोस्टरंही ते सिनेमा न बघताच करायचे, आणि ती सिनेमाहून चांगली व्हायची, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

ओतिलिया नावाच्या संताचा दिवस डिसेंबरात येतो. आमच्याकडे वाढदिवसाला कुणी विचारत नाही, नावाचा दिवस मात्र चुकवायचा नाही. मी खसखशीचा केक केला आणि कामगार संघटनेची दोन फुकट तिकिटं मिळवली. फुकट तिकिटांची जागा कुठे असते ते तिथे गेल्यावर कळलं. पडद्याच्या बाजूला, बँडच्या मागे. सगळी जनावरं आमच्या अंगावरून आत यायची आणि महाग खुर्च्यांकडे तोंड करून उभी राहायची. सबंध सर्कस आम्ही पाठीमागून पाहिली. घोडे मागून, अस्वलं मागून, आणि खाली वाकून नमस्कार करणारा विदूषकही मागूनच, तो तर जरा जास्तच.

मग हत्तीण आली. आली म्हणजे आमच्यासमोरचं जगच संपलं. राहिली फक्त करडी, सुरकुतलेली, आजोबांच्या सैल विजारीसारखी एक पाठ, तिला दोरीएवढं शेपूट, आणि वर, फार वर, कानांच्या मध्ये शेंगदाण्याएवढी नाचणारी मुलगी. ओतिलिया हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडातून, मग सगळ्या अंगाने. तुतारीवाला वळून म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या सुरात हसताय, जरा थांबा." ती थांबेना. हसता हसताच केकच्या कागदावर पेन्सिल चालवत होती. नऊ वर्षांत मी तिला कुणाच्या कामाकडे न बघता चित्र काढताना पहिल्यांदाच पाहत होते.

पाचवं चित्र जानेवारीत समितीपुढे आलं. पिवळाधमक कागद, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत हत्तिणीचा पार्श्वभाग. पलीकडे मोहरीएवढे टाळ्या वाजवणारे लोक. चार अक्षरं विजारीला लावलेल्या ठिगळांसारखी. ओतिलिया बाहेर व्हरांड्यात उभी होती आणि तिने हातमोजा चावून चावून भिजवला होता.

आत साहेबांनी दार लावून घेतलं.

इथे एक सांगायला हवं. उघड बोलायची सोय नसलेल्या देशात लोक पोस्टरं वाचायला शिकतात. पिंजऱ्यात पक्षी दिसला की आम्ही आधी विचारायचो, पक्षी कोण? आणि समितीचं तर कामच ते. एवढं मोठं, एवढं करडं, आणि जनतेकडे पाठ करून उभं असलेलं नेमकं कोण, हे तिघांच्याही डोक्यात एकाच वेळी आलं. तिघांच्या डोक्यात बहुधा वेगवेगळी माणसं आली असावीत.

"हे कुणासारखं दिसतंय, असं कुणाला वाटतं का?" मंत्रालयाचे पिएत्शिक म्हणाले.

"छे," प्रोफेसर कोस्मा म्हणाले. "तुम्हाला वाटतंय?"

"मला? मला कशाला वाटेल? साहेबांना काही..."

"मला हत्ती दिसतोय," ग्विदोनसाहेब म्हणाले, आणि तिघांनीही माझ्या पेन्सिलीकडे पाहिलं. जो नाव घेईल, त्याच्याच मनात ते आलं होतं असं कागदावर राहणार. मी पेन्सिलीला टोक काढून घेतलं. खरं तर गरज नव्हती.

"हत्ती चाललाय कुठे?" पिएत्शिकनी विचारलं.

"पुढे."

"पुढे असेल तर हरकत नाही."

सगळं पटलं, तरी हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. पिएत्शिक म्हणाले, शेपूट उजवीकडे वळलंय. कोस्मा म्हणाले, मग डावीकडे वळवा. पिएत्शिक म्हणाले, फार डावीकडेही नको, अतिरेक दिसतो. शेवटी शेपूट मधोमध सरळ खाली सोडायचं ठरलं, आणि साहेब मला म्हणाले, "लिहा. हत्ती. मागून. एकमताने मंजूर." तिघांनी चहा घेतलाच नाही. मी व्हरांड्यात तो ओतिलियाला पाजला.

तिने आधी मला मिठी मारली, मग एकदम दूर ढकललं. "आणि शैलीबद्दल? कुणासारखं आहे म्हणाले?"

"त्यांना तेवढी उसंतच नव्हती."

"म्हणजे भीतीने पास झालं."

मला खोटं बोलता येईना.

मार्चमध्ये पोस्टर खांबाखांबावर लागलं. ट्राममधले लोक ते बघून हसायचे, बायका नवऱ्यांना कोपराने ढोसायच्या. तरी ओतिलियाच्या जीवाला घोर होताच. हे माझं आहे की नुसता घाबरटांचा आशीर्वाद, एवढंच ती रोज विचारायची, आणि मला तिचा राग यायचा.

पुढल्या वर्षी समितीकडे अकरा चित्रं आली. त्यांतली सात पाठमोरी. उंट मागून, सील मागून, एक तर जादूगार मागून. उंट क्राकुफ शहरातल्या एका मुलीने काढला होता आणि काढला होता मन लावून. ग्विदोनसाहेबांनी चष्मा लावला, काढला, आणि म्हणाले, "हे ओतिलियाचं आहे. नापास." मी लिहून घेतलं.

दुपारी मी तो कागद तिला वाचून दाखवला. ती चार अक्षरांतल्या तिसऱ्यावर होती. कुंचला तिने पाण्यात ठेवला.

"परत वाच."

परत वाचलं. मग आणखी दोनदा वाचलं. ती कुंचला बुडवलेल्या ग्लासातलंच पाणी प्यायली आणि तिचे दात निळे झाले, तरी तिला कळलं नाही.

"त्या उंटवाल्या मुलीला वाईट वाटलं असेल," ग्लास खाली ठेवत ती म्हणाली. "तिला पत्र टाक, फेला. लिही, सर्कशीला जा. आणि माझ्या जागेवर बसू नकोस."