माकणीच्या स्थळाची चौकशी

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी मुरुमहून आम्ही तिघे मित्र पुण्याला नाटकाचा दुपारचा प्रयोग बघायला गेलो. बेत बियाण्यांचं दुकान असलेल्या मित्राचा होता. हा माणूस जत्रेतल्या नाटकातूनही पहिल्याच अंकात उठून जाई. त्यामुळं गाडी चालवणाऱ्या कापडवाल्या मित्राला आणि मला संशय आला.

टेंभुर्णीला चहा घेताना कापडवाल्यानं विचारलं, "खरं सांग. दवाखाना हाय का कोर्ट?"

"पोरीचं हाय," तो म्हणाला.

त्याच्या मुलीला माकणीचं स्थळ आलं होतं. मुलगा पुण्यात कंपनीत नोकरीला, घरची बारा एकर शेती, हौस म्हणून नाटकात काम. मुलीनं त्याच्याशी बोलून पसंती कळवली होती. वर बजावलंही होतं, "अण्णा, मनात शंका ठेवून हो म्हणू नका."

आमच्याकडं स्थळाची चौकशी परस्पर होते. मुलाला कळू द्यायचं नसतं. मित्रानं मुलाचे शेजारी, खानावळवाला आणि कंपनीतला एक ओळखीचा, सगळ्यांना विचारून झालं होतं. नाटक तेवढं राहिलं होतं.

त्या मुलाला थोरल्या भावाची भूमिका होती. म्हाताऱ्या बापाच्या पायाला हात लावून तो शपथ घेतो आणि पुढच्या प्रवेशात बापाचं घर विकून टाकतो. काम चांगलं करत होता. अडचण तिथंच झाली.

मध्यंतरात मित्र म्हणाला, "लई सफाईनं खोटं बोलतंय. डोळ्यात पाणी आणून."

"नाटक हाय ते," मी म्हणालो.

"व्हय, पण पाणी तर खरं होतं."

"तू बी गिऱ्हाइकाला सांगतोस, दाणा न् दाणा उगवतंय म्हणून," कापडवाला म्हणाला. "तरी सासऱ्यानं तुला पोरगी दिलीच की."

तो हसला नाही.

प्रयोग संपल्यावर आम्ही रंगपटात गेलो. मुलगा चेहऱ्यावरचा रंग पुसत होता. मित्रानं आपण कोण ते सांगितलं नाही. "धाराशिवकडचे आहोत," एवढंच म्हणाला. "तुम्ही कुठले?"

"माकणीचा, काका."

"शेती असंल मग."

"घरचे बारा एकर सांगतात. त्यातली सहा आजोबांच्या काळातच धरणात गेली. पाणी उतरलं की गाळात पेरता येतं, तेवढंच. पण आमच्याकडं बुडालेली जमीन कुणी वजा करत न्हाय."

निघताना तो वाकला आणि मित्राच्या पायाला हात लावला. स्टेजवर बापापुढं वाकला होता, तसाच. आम्ही दोघंही मित्राच्याच वयाचे. आम्हाला त्यानं लांबून हात जोडले.

गाडीत बसल्यावर मित्र म्हणाला, "त्यानं वळखलं मला."

"पोरीच्या फोनवर फोटो बघितला असंल," मी म्हणालो.

"मग सहा एकर बुडाली म्हणाला, ते बी नाटकच का? आपण किती खरं बोलतो ते दावायला?"

"लेका, स्वतःची जमीन कमी करून कोण सांगतं?"

"हुशार माणूस सांगतो."

त्यानं मुलाकडच्यांना उत्तर दिलं नाही. त्यांचे दोन निरोप आले. मुलगी घरात बापाशी कामापुरतं बोलू लागली. स्थळ हातचं जाईल, असं कापडवाल्यानं त्याला तोंडावर सांगितलं.

मे महिन्यात धरणाचं पाणी खाली गेलं. कुणालाही न कळवता आम्ही तिघे माकणीला गेलो. काठावर एकजण जाळं वाळत घालत होता. त्या घरची बुडालेली जमीन कुठली, असं मित्रानं विचारलं. त्यानं उघड्या पडलेल्या विहिरीकडं हात केला. "हिरीपासनं त्या वठलेल्या बाभळीपत्तुर. सहा एकर. काळी होती लई."

मित्रानं चपला काढल्या आणि गाळ तुडवत विहिरीपर्यंत गेला. दगडी कठड्याला हात लावून उभा राहिला. फोन त्यानं तिथूनच लावला. वाऱ्यामुळं आम्हाला एकच वाक्य ऐकू आलं, "अण्णा बोलतोय, माकणीहून."

मुलानं त्या दिवशी त्याला ओळखलं होतं का, याची खात्री आजवर झालेली नाही. साखरपुडा जूनमध्ये मुरुमला झाला.