टर्बोला बांधलेली तार

कंधारहून लोह्याकडे निघालं की काही अंतरावर एक पांढुरकी टेकडी लागते. तिच्या पायथ्याशी आमचं गाव. या गावात शेषेराव नावाचा माणूस राहतो आणि त्याचा कुणावरही विश्वास नाही.

ही निंदा नव्हे. एखाद्याला गळा असतो, एखाद्याचा हात पेरणीला चांगला असतो, तसा शेषेरावाला संशय आहे. लातूरच्या आडतीवर सोयाबीन नेलं की पोतं टाकायच्या आधी तो स्वतः काट्यावर उभा राहतो, कारण स्वतःचं वजन त्याला ठाऊक असतं. लग्नाच्या पंगतीत जिथून आपल्या चपला दिसतील तिथंच तो बसतो, मग वाढपी तिकडे फिरको न फिरको. दवाखान्यात सुई टोचून घेतली की रिकामी बाटली मागून उजेडात धरतो. त्याची बायको तारामती म्हणते, "आमच्या लग्नात बी हे सारखे माह्याकडं वळून बगत व्हते. मला वाटलं, जीव जडला. तर नवरी तीच हाय का, ते बगून राहिले व्हते."

त्याला आजवर कुणी फसवलं, असंही नाही. त्याचं म्हणणं, फसवलं नाही कारण मी बघत होतो.

शेताच्या जोडीला त्याने एक पिकअप घेतली. गावातला हरभरा, तूर लातूरच्या डाळमिलला पोचवायची. पहिल्या वर्षी स्वतःच चालवली. मग डावा गुडघा क्लच दाबताना कुरकुरू लागला आणि नाइलाजाने त्याने सुदामला ड्रायव्हर म्हणून ठेवलं. सुदाम गावातलाच, चाळिशीला टेकलेला, शब्द जपून वापरणारा. लातुरात बरीच वर्षं ट्रक चालवून तो परत आला होता. गाडी दुसऱ्याच्या हातात देताना शेषेरावाचा चेहरा लेक सासरी धाडणाऱ्या बापासारखा झाला होता.

दिवाळीनंतर पिकअपचं काहीतरी बिनसलं. सपाटीवर बरी चालायची, पण अहमदपूरच्या अलीकडचा चढ आला की म्हातारीसारखी धापा टाकायची. मागून काळा धूर. आणि डिझेल तर असं प्यायची, की लातूर गाठेपर्यंत काटा खाली लोळलेला.

शेषेरावाने इंजिनाकडे पाहिलं नाही. त्याने सुदामकडे पाहिलं.

टाकीच्या झाकणाला कुलूप बसलं आणि किल्ली त्याच्या करदोट्याला गेली. काटा तरीही पडत राहिला. मग तो स्वतः शेजारच्या सीटवर बसून जाऊ लागला. सुदाम लघवीला उतरला की हाही उतरायचा. सुदाम चहा प्यायचा तेव्हा हा टाकीला पाठ लावून उभा. एवढं करूनही डिझेल गेलंच. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हा माणूस चोर नाही. शेषेराव म्हणाला, हा चोर हुशार आहे.

एके दिवशी पानटपरीवर, चार माणसांत, तो बोलून गेला, "माह्या पिकअपला दोन तोंडं हायेत. एक इंजिनाचं आन एक सुदामचं."

माणसं हसली. ते हसू दुपारपर्यंत सुदामच्या घरी पोचलं. आमच्याकडे शिवी पचते, असलं हसू पचत नाही. ज्याच्यावर डिझेलचा शिक्का बसला, त्याला दुसरा कुणी आपली गाडी देत नाही. ड्रायव्हरची सगळी कमाई म्हणजे त्याचं नाव, आणि तेच आता टपरीवर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदाम अंगणात येऊन उभा राहिला. "मामा, गाडी उघडू. काय निघंल ते निघंल. काहीच न्हाई निघालं तर मला काढा."

आधी दोघं लातूरच्या एका मिस्त्रीकडे गेले. त्याने बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि सांगितलं, टर्बो गेला, अख्खा नवा टाकावा लागेल. बोलताना त्याने सुदामकडे पाहिलं. शेषेरावाला तेवढं पुरे होतं: दोघं मिळालेले. "चल घरी," तो म्हणाला. "जे उघडायचं ते माह्या डोळ्यांसमोर उघड."

अंगणात लिंबाच्या सावलीला गाडी लागली. तारामतीचं जुनं लुगडं खाली अंथरलं. सुदाम एकेक नट काढून देई आणि शेषेराव तो मांडीवरच्या परातीत ठेवी. परातीवरून त्याने हात हलवला नाही. तारामतीने चहा आणला, तर कप तिलाच धरून उभं राहावं लागलं.

टर्बो सुटून बाहेर आला. सुदामने तो उलटा केला आणि बोट दाखवलं. आत एक छोटं लोखंडी झाकण होतं, काजळीने माखलेलं, अर्धवट उघडं. कडेने फट दिसत होती.

शेषेरावाचे डोळे चमकले. "हितूनच! हितूनच जातंय सगळं! हे भोक कुणी पाडलं?"

"कंपनीनंच, मामा."

"कंपनी कशाला भोक पाडंल?"

"हे बगा. इंजिनाच्या धुरानं टर्बोचं चाक फिरतं, चाक हवा कोंबतं, हवेनं गाडी ओढती. हवेचा दाब लई झाला का ही भाईरची डबी दांडीला ढकलती. दांडी झाकण उघडती आन जास्तीचा धूर चाकाला चुकवून भाईर जातो. दाब उतरला का झाकण परत बसतं. ह्याला वेस्टगेट म्हणतेत. आपलं काजळीनं उघडंच अडकलं. म्हणून ओढ न्हाई, म्हणून डिझेल जळतं."

"म्हंजे चोरवाटच की."

"वाट पाहिजेच मामा. फक्त अडकाय न्हाई पाहिजे."

ज्या वाटेवर पहारा नाही ती वाट बरी, हे शेषेरावाच्या गळी उतरणं अवघड होतं.

सुदामने गंज सोडवायचं तेल ओतलं, तारेच्या ब्रशने काजळी खरवडली. झाकण हलवणारी बाहेरची कडी पकडीने हळूहळू मागेपुढे करत राहिला. ऊन लिंबाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलं तेव्हा कुठे ती कडी बोटाने हलू लागली. मग सायकलचा पंप आणून त्याने त्याची नळी डबीला लावली. पंप दाबला की दांडी पुढे, सोडला की मागे.

"दिसलं का?"

"पंपानं तू कायबी हलवशील," शेषेराव म्हणाला.

टर्बो परत बसला. सुदाम तेलकट हात घेऊन अंघोळीला घरी गेला. तेवढ्या वेळात शेषेरावाने काय करावं? घर बांधताना उरलेली सळया बांधायची तार काढली, ती बाहेरची कडी झाकण मिटेल अशी ओढली आणि पकडीने तारेला पीळ घातला. मग गुडघ्याची पर्वा न करता स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि गाडी टेकडीवर घातली.

काय पळाली गाडी! शीळ घालत चढली. शेळ्या बाजूला झाल्या, माणसं दारात आली. शेषेराव खाली उतरला तो मिशीला हात लावतच. "चोर बांधला," त्याने सगळ्यांना सांगितलं.

अंघोळ करून परत आलेल्या सुदामने बॉनेट उघडलं आणि तार बघितली. "मामा, तार काढा."

"का? तुझी वाट बंद झाली म्हणून?"

"रिकामी गाडी हाय म्हणून गोड वाटून राहिली. उद्या हरभरा भरून चढ चढताना दाब कुठं जाईल? इंजिन फुटंल. तार असंल तर मी स्टिअरिंगला हात लावणार न्हाई."

ज्याने कधी कशाला नाही म्हटलं नाही, तो आज नाही म्हणाला. शेषेरावाला त्यात कबुली दिसली. "चल मंग खंडोबाच्या देवळात. बेल-भंडार उचल आन म्हण, मी डिझेल चोरलं न्हाई. बास."

आमच्या गावात माणूस बाजारात खोटं बोलेल, कोर्टातही बोलेल. पण हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन खंडोबापुढे खोटं बोललेला कुणी अजून ऐकिवात नाही. दोघं देवळात गेले. मागून टपरीवरची माणसंही आली. पुजाऱ्याने ताट पुढे केलं.

सुदामने हात पुढे केला नाही. "डिझेलसाठी मी उचलणार न्हाई."

माणसांत कुजबूज झाली. शेषेराव वळून बघायला लागला, बघा म्हणून.

"आज डिझेलसाठी उचलीन," सुदाम म्हणाला, "उद्या पान्याची शपथ घे म्हणताल, परवा टायरची. माणूस ठेवायचा तर ठेवावा, न्हाई तर काढावा. पण तारेसाठी उचलतो. त्या गाडीत मी बसणार, तुम्ही बसणार." आणि त्याने बेल-भंडार उचलला. "ही तार ठेवली तर गाडी घात करंल. खोटं असंल तर माहं तळपट होवो."

सायकलच्या पंपावर ज्याचा विश्वास बसला नाही, तो शेषेराव त्या हातातल्या पिवळ्या भंडाऱ्याकडे बघत राहिला. मग घरी गेला आणि पकडीने तार तोडून टाकली.

दुसऱ्या दिवशी हरभऱ्याने भरलेली पिकअप अहमदपूरचा चढ एका दमात चढली. डिझेलचा काटा लातूरपर्यंत जागचा फारसा हलला नाही. शेषेराव शेजारीच बसला होता. त्याने काटा बघितला, सुदामने त्याला काटा बघताना बघितलं. सुदाम एका शब्दाची वाट बघत होता. पुढच्या खेपेलाही बघत होता. शब्द काही आला नाही.

शेवटी एका दुपारी शेषेरावाचा फोन वाजला.

"लातूरहून बोलतोय, डाळमिलवरनं. तुमच्या गावचा सुदाम आमच्याकडे ड्रायव्हर म्हणून येतो म्हणतोय. माणूस कसा आहे?"

"माहा नंबर कुणी दिला?"

"त्यानंच. म्हणाला, ते कुणाबद्दल फुकट चांगलं बोलत नाहीत, त्यांनाच विचारा."

ज्याला आपण चोर म्हटलं, तो आपलाच नंबर का देईल? यात डाव काय? शेषेरावाने सगळ्या बाजूंनी शोधला. वाईट बोललं तर सुदाम इथंच राहणार, हेही त्याच्या ध्यानात आलं. चुलीपुढे तारामतीचा भाकरी थापणारा हात थांबला होता.

"हॅलो? डिझेल-बिझेलचं कसं आहे त्याचं? काहीतरी कानावर आलंय."

"ते मीच बोललो व्हतो," शेषेराव म्हणाला. "चूक बोललो. माणूस इमानी हाय."

"बरं झालं. मग उद्या पाठवून द्या त्याला."

"थांबा. तुम्ही कोण, मालक का मुनीम? पगार कोणत्या तारखेला देता? गाडी कोणती? ब्रेक कुणी बगितले? आधीचा ड्रायव्हर का गेला?"

पलीकडचा माणूस हसायला लागला. "अहो, नोकरी त्याला हवीय ना?"

"त्याला हवीय, पण त्याला विचारता येत न्हाई. मी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघं लातूरला गेले. डाळमिलच्या दारात सुदामची नवी गाडी उभी होती. मालक चहा सांगत होता तोवर शेषेराव, दुखऱ्या गुडघ्यासकट, तिच्याखाली शिरला होता.