मामांच्या संगणकातली तारीख

जुना संगणक तापू लागला की त्याला स्वतःचा एक गंध सुटतो. मामांच्या सोप्यात, घराच्या पुढच्या खणात, ठेवलेल्या यंत्राचा गंध तर मी डोळे मिटूनही ओळखेन. त्यात उन्हात पडलेली धूळ असते, तापलेल्या तारेचा किंचित उग्रपणा असतो, आणि दसऱ्याला कुळव-विळ्यांच्या पंक्तीत मांडून त्याचीही पूजा झाली तेव्हा जाळीतून आत गेलेली हळद असते. विट्याच्या पुढे, शाळूच्या रानाला लागून असलेल्या त्या घरी मी दर थंडीत वाईहून चार दिवस जाते. हुरड्याला जाते असं सगळ्यांना सांगते. खरं तर मला बोलावलेलं असतं ते या यंत्राची नाडी पाहायला.

मामा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. पंचक्रोशीतल्या माजी सैनिकांचे अर्ज ते याच यंत्रावर टंकून देतात, आणि त्यांचा तो पुरातन मराठी टंक नव्या यंत्रावर उमटतच नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी निघते. त्यामुळे परमुलखात सोनं गाळण्याचं दुकान चालवणाऱ्या लेकानं पाठवलेला नवाकोरा लॅपटॉप कपाटात मामींच्या शालूशेजारी विसावलेला आहे.

जुनी संगणकप्रणाली सांभाळायची तर तिच्या वयाचा मान राखावा लागतो. खिडक्या उघडता-मिटताना होणारे नखरे बंद करावेत, अक्षरांखालच्या सावल्या काढून टाकाव्यात, यंत्र सुरू होताच न बोलावता उठून बसणारे प्रोग्राम निजवून ठेवावेत, निकामी फायलींचा पाचोळा अधूनमधून झाडावा, आणि पंख्यावरची धूळ वायर काढून मऊ ब्रशनं हलकेच पुसावी. मामा यातलं सगळं करतात, फक्त फौजी शिस्तीनं. पडद्यावरची चिन्हं त्यांनी तीन रांगांत उभी केली आहेत आणि एखादं जरा सरकलं तर त्याला दटावून जागेवर आणतात. रविवारी विखुरलेल्या फायली सलग लावणारं डीफ्रॅग लावून, विस्कटलेले रंगीत चौकोन एकेक करत ओळीत येताना पाहत ते सकाळभर खुर्चीत ताठ बसतात. पेटीचा पत्रा सारखाच उघडावा लागत असल्यानं त्याला स्क्रूसुद्धा लावत नाहीत.

यंदा मात्र पडदा मला ओकाबोका वाटला. तिथे वर्षानुवर्षं चंद्रीचा फोटो असे. चंद्री म्हणजे मामींची म्हैस. पाणीदार डोळ्यांची, मामींशिवाय कुणाला धारेला हात लावू न देणारी. मामी भाचीच्या लग्नाला माहेरी गेल्या होत्या तेव्हा, भाकड झाली एवढ्या कारणावरून, मामांनी कुणालाही न विचारता तिला बाजार दाखवला. त्या दिवसापासून मामींनी अबोला धरला. सीमेवर न डगमगलेल्या मामांनी घाईघाईनं पडद्यावरचा फोटो उतरवून तिथे साधा निळा रंग लावला, पण त्यानं काही भागलं नाही.

पहिल्याच सकाळी, धुक्यातून तिरपं ऊन सोप्यात उतरत असताना, मामांनी यंत्र सुरू केलं. ते एकदा टिटवीसारखं टिटवलं आणि कुठल्याशा जुनाट जानेवारीची तारीख दाखवत उभं राहिलं. आतला सेल संपला की भिंतीवरचं बटण बंद होताच यंत्राला काळाचा विसर पडतो. हा दोष सर्वांत किरकोळ. मामांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं तारीख विचारली. आत, दिनदर्शिकेखाली उभ्या असलेल्या मामींनी भाकरी थापता थापता, जणू चुलीलाच सांगावी तशी ती सांगितली. गावकऱ्यांच्या अर्जांवर चुकीची तारीख पडू नये, एवढ्यापुरतीच ही सवलत. मग वार सांगितला, तिथी सांगितली, आणि आज पाणी येणार नाही हेही सांगितलं. मामा एका बोटानं आकडे दाबत होते आणि फार सावकाश दाबत होते.

मला मात्र दिसला तो केवळ दोष. दुपारी विट्याला जाऊन मी टिकलीएवढा नवा सेल आणला, जेवण उरकलेल्या मामींच्या देखत तो बसवला, तारीख घातली आणि कौतुकाची वाट पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी यंत्र बरोब्बर तारीख घेऊन उगवलं. मामांनी कोपऱ्यातल्या आकड्यांकडे पाहिलं, दोनदा घसा खाकरला आणि काहीच न विचारता टंकायला बसले. आत थापण्याचा आवाज थबकला, पुन्हा सुरू झाला. घरात एवढी शांतता पसरली की दूरच्या रानात पाखरं राखणाऱ्याची आरोळी स्पष्ट ऐकू येत होती. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मामांच्या खिशात अख्खा मोबाइल असतो आणि त्यावर तारीख ढळढळीत दिसते. मला माझ्या हुशारीची भयंकर लाज वाटली.

तिसऱ्या सकाळी मामा रानात फेरी मारायला गेले असताना मामींनी मला आत बोलावलं. त्यांच्या एका हातात केसांतला आकडा होता, दुसऱ्या तळव्यावर माझा सेल.

"ही तुजी टिकली वाईला घिऊन जा, बाय," त्या म्हणाल्या. "मशीनला तारीख कळाय लागली, आन् ह्यांनी इचारायचंच सोडलं."

मामा परतले, पाय धुऊन बसले. यंत्र टिटवलं. त्यांनी कोपऱ्यात परतलेला जुनाट जानेवारी पाहिला आणि मग त्यांचा आवाज, हुकूम देऊन घडलेला तो आवाज, अगदी जपून आत आला.

"आज तारीख किती?"

मामींनी दिनदर्शिकेकडे पाहिलंसुद्धा नाही. तारीख सांगितली, वार सांगितला, तिथी सांगितली. पाण्याचं सांगितलं, भाकरी गरम आहे हेही सांगितलं. मग माझ्याकडे बघत, पण बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "आन् चंद्रीचा फोटू लावा म्हनावं परत. तिनं काय घोडं मारलंय?"

बाहेर माउसची घाईघाईनं टिकटिक झाली. मी सोप्यात येऊन पाहिलं तर निळ्या रंगाच्या जागी चंद्री आली होती, तिच्या कपाळावर चिन्हांच्या तीन रांगा उभ्या होत्या, आणि मामा चष्मा कपाळावर सारून तिच्याकडे बघत होते. खाली कोपऱ्यात तो जुनाट जानेवारी तसाच होता, चंद्री जन्मायच्याही आधीचा. तारीख घालायची राहूनच गेली होती.