प्रांजलच्या पलंगाचा हेडबोर्ड

लिफ्ट बंद पडली की चारकोपच्या निम्म्या सोसायट्या सुबोधला फोन करतात. अडकलेल्या माणसाला बाहेर काढणं, मोटर खोलणं ही कामं तो हसतखेळत करतो. सुई आणि कापड यांच्याशी मात्र त्याचं सात जन्मांचं वैर. शर्टाचं बटण तुटलं तर हा गडी शर्टच बदलतो. असा माणूस रविवारी सकाळी घराबाहेरच्या पॅसेजमध्ये प्लायवूडची फळी टाकून बसला, तेव्हा शेजारच्या मार्सेलिनाबाई दारातूनच म्हणाल्या, "काय रे, कॅरम बनवतोस काय?"

"हेडबोर्ड. प्रांजलच्या पलंगाला. राहायला येईल ना आता ती."

बाई मान डोलावून आत गेल्या. मजल्यावर सगळ्यांना सगळं माहीत होतं.

प्रांजल ही त्याची मुलगी, वय आठ. श्रुतिका आणि तो वेगळे झाल्याला दोन वर्षं होऊन गेली. मुलगी आईजवळ आणि आजीजवळ, मुलुंडला. एक शनिवार सोडून एक शनिवार सुबोध तिला सकाळी आणायचा आणि संध्याकाळी सातला परत पोचवायचा. गेल्या महिन्यात कोर्टाने सांगितलं की मुलीची इच्छा असेल तर ती रात्री वडिलांकडे राहू शकते. 'इच्छा असेल तर' हे शब्द सुबोधने वकिलाकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले. एका रविवारी तिने त्याच्या घरात डोळे चोळत उठावं आणि दात न घासताच टीव्ही लावावा, एवढंच त्याला हवं होतं. ते इतकं हवं होतं की कामाच्या मध्येच तो पुढच्या शनिवारपर्यंतचे दिवस मोजायचा.

आता मुलीची इच्छा व्हावी म्हणून कुणी खेळणी आणील, कुणी आइस्क्रीम. सुबोधच्या डोक्यात पलंगच आला, त्याला कारण होतं. त्याचे वडील गिरणीत होते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सात माणसं ओळीने जमिनीवर झोपायची आणि सुबोधच्या वाट्याला भिंतीकडची जागा. पावसाळ्यात पाठ ओली, उन्हाळ्यात पाठ गरम. आपल्या एकट्याचा पलंग म्हणजे लाडाची कमाल, हे तेव्हापासून त्याच्या मनात पक्कं बसलेलं. पलंग त्याने विकत आणला. पण नुसता लोखंडी पलंग त्याला दवाखान्यासारखा दिसायला लागला, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून डोकं टेकायला मऊ हेडबोर्ड करायचं ठरलं.

व्हिडिओत सगळं सहा मिनिटांत होतं. फळीवर फोम चिकटवायचा, वरून कापड ओढायचं, मागे पिना मारायच्या. सुबोधने पिवळं मखमली कापड आणलं आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत धडाधड पिना मारत गेला. फळी सरळ करून बघतो तर कापडाला तिरक्या सुरकुत्या, आणि एका बाजूला फोमचं पोट सुटलेलं.

तो फळी काखेत मारून इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या दत्तारामकाकांकडे गेला. काकांनी हयातभर सोफेच केलेले. त्यांनी फळीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"कोपऱ्यापासून सुरवात केलंस?"

"हो."

"मग वाट लागली. आधी चारी बाजूंक मधोमध एकेक पिन. मगे दोनी बाजूंक सरकत जावचा. कोपरे शेवटाक." मग फळी हातात घेत म्हणाले, "मी करून देव?"

"नको काका. मीच करतो."

सगळ्या पिना त्याने स्क्रू-ड्रायव्हरने एकेक करून उपसल्या. बोट सोललं, ते तोंडात धरून पुन्हा बसला. आठवडाभर कामावरून आला की तेच. शुक्रवारी हेडबोर्ड भिंतीला लागला तेव्हा तो स्वतःच पाठ टेकून बसला आणि बराच वेळ उठला नाही. त्याला लेकीची फार आठवण येत होती.

शनिवारी प्रांजल आली. बूट भिरकावून ती थेट पलंगावर चढली, हेडबोर्डवर पाठ आपटून बघितली, मग डोकं, मग गाल.

"कुणी केलं?"

"मी."

"खोटं नको बोलू."

त्याने बोट दाखवलं. तिने ते नीट तपासलं. "झकास आहे रे बाबा," ती म्हणाली, आणि सुबोधला वाटलं, जिंकलो.

दुपारी जेवून ती तिथेच झोपली. साडेपाचला आवराआवर सुरू झाली तेव्हा त्याने शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "राहतेस का आज? आईला फोन करू."

प्रांजल बुटाची लेस बांधता बांधता थांबली. तिने पलंगाकडे बघितलं. मन झालं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"आजी गावाला गेलीय," ती म्हणाली.

"मग?"

"आम्ही तिघी खाली गादी घालून झोपतो ना. मी मधे. आज मी इथे राहिले तर आई एकटीच."

"मी पण एकटाच असतो की गं," असं सुबोधच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं, पण पोरीने ओळखलं असावं. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समजावत म्हणाली, "तुला सवय झालीय ना बाबा, एकटं झोपायची. आईला नाहीये."

त्याने खाली वाकून तिची राहिलेली लेस बांधली.

"हो," तो म्हणाला. "झालीय."