नायलॉनच्या साडीवरची काजळी

माझे वडील नगर स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणारे सांधेवाले होते. इंजिनं जिथं कोळसा-पाणी घेत, त्या जागेच्या अगदी पाठीशी आमची खोली. वाळवणावर, धुण्यावर, माणसांवर सारखी काजळी बसायची आणि गंधकाचा वास घशात चिकटून राहायचा. त्या जागेचा मला मनापासून राग होता.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, सुपारी फुटली. सासरहून फिकट गुलाबी नायलॉनची साडी आली. नायलॉनचं तेव्हा भारी अप्रूप. दुसऱ्या दिवशी सासरच्या बायका यायच्या होत्या आणि ताईनं तीच साडी नेसायची, असं ठरलं होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून आईनं ती संध्याकाळी बाहेर तारेवर टाकली. तासाभरात तिच्यावर काळे ठिपके पडले. ताईनं ते दाखवले, तर आई हसून म्हणाली, "राहू दे गं, साडीला तीट लागली. आता नजर न्हाई लागायची." साडी तशीच रात्रभर दवात राहिली.

सकाळी ताई एक ठिपका झटकायला गेली, तर बोट आरपार गेलं. जिथं ठिपका होता, तिथं भोक पडलं होतं.

होणाऱ्या सासूबाईंनी साडी उजेडात धरून पाहिली.

"उंबऱ्यात पाऊल न्हाई पडलं, तवर ही गत," त्या म्हणाल्या. "पोरीचा पायगुण बरा न्हाई."

सोयरीक मोडली. पुढं वडिलांनी ताईला शेवगावच्या एका बिजवराला देऊन टाकली. देऊन टाकली, हाच शब्द खरा.

मी कॉलेजात रसायन शिकायला लागले, तेव्हा एका तासाला उलगडा झाला. कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू दवात विरघळतो. त्या थेंबात काजळीचा कण असला, की वायूचं आम्ल झपाट्यानं बनतं, आणि नायलॉनला आम्ल सोसत नाही. मला पुढचा फळा दिसेना.

सुट्टी लागताच शेवगाव गाठलं. ताई तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं.

"म्हंजे कुनाची बी साडी असती, तरी?"

"कुणाचीही."

तिचा हात सुपात थांबला.

"मी अजून कुनाच्या हळदीला हात लावत न्हाई," ती म्हणाली. "शेजारच्या पोरीचं लगीन झालं, तवा मी दार लावून बसले हुते."