बेंटाने विकत घेतलेली स्तुती

होमा बे गावाच्या अलीकडे, सरोवराकाठच्या मासळीबाजाराच्या तोंडाशी बेंटा अडोयोची पत्र्याची टपरी आहे. फोनमधल्या पैशांची. रोकड दिली की ती तुमच्या फोनवर पैसे चढवते, फोनवरून पाठवले की रोकड हातात ठेवते. काम एवढंच. पण एवढ्यावर थांबायला सांगितलं असतं तर बेंटा आजारीच पडली असती. कोणाच्या मुलाने नैरोबीहून पैसे पाठवले, कोणाच्या जावयाने हात आखडता घेतला, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून जायचं. म्हाताऱ्यांना बारीक अक्षर दिसत नसे. ते फोन तिच्या हातात देऊन पिन मोठ्याने ओरडून सांगत, आणि रांगेतले लोक तेवढ्यापुरते सरोवराकडे बघत.

कंपनीने एकदा टपरीवाल्यांना शहरात बोलावून शिकवलं होतं. ग्राहकाचं नाव, नंबर, शिल्लक यातलं काहीही कोणापाशी बोलायचं नाही, आणि ओळखपत्र बघून नाव विचारल्याशिवाय व्यवहार करायचा नाही. बेंटाने परत आल्यावर रांगेपुढे त्या साहेबाची नक्कलच करून दाखवली.

"म्हणे ओळखपत्र बघा! ज्याला मी लहानपणी अंघोळ घातली त्याला विचारू, बाबा रे, तू कोण?"

लोक पोट धरधरून हसले. नियमांचा कागद तिने भिंतीवर लावला खरा, पण भिंतीला खिळा एकच होता, म्हणून त्यावरच आरसा टांगला. एक गोष्ट मात्र तिने कसोशीने पाळली होती. कोणाचा पिन तिच्या तोंडून कधी बाहेर पडला नव्हता. तेवढं पाळलं म्हणजे सगळं पाळलं, असं तिला वाटे.

तिच्या गिऱ्हाइकांत सिप्रोझ तिच्या सगळ्यांत जवळची. दोघी एकाच भावकीत दिल्या होत्या. सिप्रोझ बस थांब्यावर मासे तळून विकायची आणि बाजाराच्या दिवशी, गर्दी ओसरली की टपरीवर येऊन फोनवर पैसे टाकायची. तिच्या लेकीला, वेलमाला, नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती. जानेवारीत फी भरली नाही तर जागा जाणार होती. नवऱ्याला या पैशांचा पत्ता नव्हता. नाशोन माणूस वाईट नव्हता. हाताचा सढळ, आणि चार टाळ्या पडल्या की आणखीच सढळ. वाईट माणसापेक्षा अशा माणसापासून पैसा लपवणं जास्त कठीण.

"बेंटा, हे तुझ्या-माझ्यात," सिप्रोझ म्हणायची. "पोरगी कॉलेजात पोचली की मीच सांगेन त्यांना."

"अगं बये, माझ्या पोटात गेलेलं कधी वर आलंय का?"

नोव्हेंबरात नाशोनचा काका वारला. माती झाली, मांडव भरला, वाजंत्री सुरू झाली आणि घरच्यांसाठी वर्गणीची टोपली फिरली. आमच्याकडे अशा वेळी टोपलीत पैसे टाकणाऱ्याला वाजवणं थांबवता येतं. मग माइक हातात घ्यायचा आणि स्वतःची नाहीतर आपल्या माणसाची स्तुती करायची. पैसे मेलेल्याच्या घराला जातात, मान जिवंत माणसाला मिळतो, म्हणून कोणाचीच तक्रार नसते. सिप्रोझने टोपलीत थोडेसेच टाकले. नाशोनच्या चुलतभावाची बायको मिकाल टपूनच बसली होती. तिने नोट टाकली आणि माइक घेतला.

"बघा हो आमची जाऊ! दिवसभर तेलात हात, तरी हात कोरडा तो कोरडाच!"

मांडव हसला. बेंटाच्या अंगाची लाहीलाही झाली. तिने कनवटीची मोठी नोट काढून टोपलीत आपटली.

"थांबवा ते वाजवणं! कोरडा हात कोणाला म्हणता? ही वेलमाची आई! धुरात डोळे जाळून दर बाजाराला शिल्लक टाकणारी! इथल्या सगळ्या जणींनी आपापले फोन उपडे केले तरी हिच्या एकीच्या फोनची बरोबरी व्हायची नाही. खोटं वाटतं? मला विचारा, टपरी माझी आहे!"

बायकांनी आरोळ्या ठोकल्या. मिकालचं तोंड एवढंसं झालं. बेंटा खूश होऊन खाली बसली आणि तिने सिप्रोझकडे बघितलं. सिप्रोझ जमिनीकडे बघत होती. मांडीवरच्या फोनवर तिने हात घट्ट दाबून धरला होता. बेंटाला काही कळायच्या आत नाशोनच्या हातात माइक गेला होता.

"ऐकलंत?" त्याचा आवाज आनंदाने फाटत होता. "हे माझं घर! मला बोलली नाही, पण बायको असावी तर अशी! काकाच्या मोठ्या जेवणाचा बैल या घराकडून!"

मांडव उठून नाचायला लागला. मांडवात दिलेला शब्द परत घेता येत नाही. तो घेतला तर पोरांची लग्नंसुद्धा अडतात. बेंटा तेवढी बसून राहिली. आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको टपरीवर आले. नाशोनच्या अंगात धुतलेला शर्ट होता.

"वहिनी, काढा बघू बैल!" तो हसत म्हणाला.

"भावजी, आज रोकड नाही. उद्या... परवा या."

"काय थट्टा करता! काल मांडवात तर तुमच्याइतकं श्रीमंत कोणी नव्हतं."

"खरंच नाही हो."

"देऊन टाक, बेंटा," सिप्रोझ म्हणाली. आवाजात राग नव्हता. "किती आहेत ते आता सगळ्यांना ठाऊकच आहे. इथे नाही मिळाले तर हे दुसऱ्या टपरीवर जातील."

तिने स्वतःच पिन दाबला. बेंटाने नोटा दिल्या. त्या मोजताना ती इतक्या वेळा चुकली की नाशोनने प्रेमाने विचारलं, ताप तर नाही ना.

त्या आठवड्यात रांग तशीच होती, पण लोक फोनवर तळहात धरून पिन दाबू लागले. ज्याचा पिन बेंटा वर्षानुवर्षं दाबत आली होती तो म्हातारा ओडेरो म्हणाला, "राहू दे पोरी, नातू आला की तो करेल." कोणी तिला दूषण दिलं नाही. दिलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

बेंटा जमेल तेवढे पैसे घेऊन सिप्रोझच्या घरी गेली. वेलमा अंगणात मासे खवलत होती. तिने "या काकू" म्हटलं आणि मान खाली घातली. नर्सिंगच्या कॉलेजाचं नाव कोणीच काढलं नाही.

"हे घे. मी कोणाला सांगणार नाही," बेंटा म्हणाली, आणि बोलता बोलताच तिची जीभ चावली गेली.

सिप्रोझने पैसे तिच्याच मुठीत परत दाबले. "पैसे मी पुन्हा साठवीन गं. जागा पुढच्या वर्षी मिळाली तर मिळेल. पण साठवू कुठे, तेवढं सांग."

घरी येऊन बेंटा खूप रडली, आणि आपण रडतोय याचीही तिला लाज वाटली. मग टपरीत जाऊन तिने नियमांच्या कागदावरचा आरसा उतरवला.

फेब्रुवारीत एका बाजाराच्या दिवशी, गर्दी ओसरल्यावर सिप्रोझ पुन्हा आली. मधल्या काळात ती बोटीने पलीकडच्या टपरीवर जायची. आज वाऱ्यामुळे बोट सुटली नव्हती. बेंटा लगबगीने उठली, बाकावरची पिशवी हलवून तिने जागा केली.

"ये गं, बस! वेलमा कशी आहे?"

सिप्रोझ बसली नाही. तिने पदराच्या गाठीतून ओळखपत्र काढलं आणि फळीवर, बेंटाकडे तोंड करून ठेवलं.

"बघून घ्या," ती म्हणाली.

बेंटाने ते उचललं. फोटो बघितला, मग समोरचा चेहरा बघितला आणि नियमाप्रमाणे नाव विचारलं.